खाली नुसता मजकूर होता

आमच्या भागातल्या एका शाळेनं यंदा विज्ञान प्रदर्शनासाठी ‘माणूस उडायला शिकला’ असा विषय घेतला आणि पहिल्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर पहिल्या महायुद्धातली भरतीची पाच पोस्टरं चौकटीत बसवून लावली. प्रदर्शन दोन दिवसांत उरकलं, पालकांमधलं भांडण मात्र महिना झाला तरी मिटेना. एक बाजू म्हणते, ही युद्धाची जाहिरातबाजी आहे. असली रंगीत चित्रं दाखवूनच कोवळी पोरं मरायला पाठवली, ती आज शाळेच्या भिंतीवर कशाला? दुसरी बाजू म्हणते, मुलांच्या मनात देशप्रेम रुजायला नको का, आणि नुसती चित्रं म्हणून बघितली तरी किती देखणी आहेत! कुणाच्या देशाचं प्रेम, हा प्रश्न सभेत कुणाला पडला नाही. एका चौकटीत अमेरिकेचा गरुड होता, दुसऱ्या चौकटीत लंडनवर आलेलं झेपेलिन, म्हणजे वायूच्या फुग्यावर तरंगणारं जर्मन हवाई जहाज.

सभा संपल्यावर मी जिना चढून ती पोस्टरं जवळून बघितली. पाचांपैकी तीन खालून कापलेली होती. एका चित्राच्या तळाशी तर अक्षरांची ओळ मधोमध चिरलेली, म्हणजे मुंडी दिसतेय आणि धड चौकटीच्या लाकडाखाली. चौकटी करणाऱ्याचं दुकान शाळेसमोरच आहे. त्याला विचारलं, तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, “चौकटी शाळेच्याच होत्या, जुन्या. चित्र पूर्ण आलंय की साहेब. खाली नुसता मजकूर होता.”

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही पोस्टरं भिंतीवर राहावीत, पण पुरी राहावीत. ‘चित्रानं फसवलं’ म्हणणारे आणि ‘चित्र सुंदर आहे’ म्हणणारे एकमेकांवर कितीही ओरडले तरी दोघं बघतात तो पोस्टरचा वरचा पाऊण भागच. भरतीचं पोस्टर हा नोकरीच्या कराराचा मसुदा असतो. वय किती, पगार किती, काम काय, कुठे पाठवणार, कुठे पाठवणार नाही, हे सगळं त्या खालच्या ओळींत असतं. फसवणूक झाली असेल तर ती तिथे सापडेल, आणि नसेल झाली तर तेही तिथेच कळेल. आपल्याकडे मराठी फौजेत माणूस चाकरीला लागायचा तेव्हा पहिला प्रश्न कोणता असायचा? घोडा कुणाचा? स्वतःचा असेल तर शिलेदार, सरकारी असेल तर बारगीर. त्यावर पगार ठरायचा, मान ठरायचा, आणि लढाईत घोडा पडला तर नुकसान कुणाचं तेही ठरायचं. भगवं निशाण बघून ऊर भरून येत असेलच, पण घोड्याचा प्रश्न कुणी सोडत नसे.

आता ब्रिटनच्या शाही हवाई दलाचं १९१८ सालचं एक पोस्टर घेऊ. १ एप्रिल १९१८ रोजी भूदलाचं रॉयल फ्लाइंग कोअर आणि नौदलाची हवाई शाखा एकत्र करून हे दल नुकतंच उभं केलं होतं. पोस्टर सांगतं, शाही हवाई दलात या आणि त्यांच्या मानात, त्यांच्या कीर्तीत वाटेकरी व्हा. मग वय: १८ ते ५०. पगार: रोज दीड शिलिंगापासून बारा शिलिंगांपर्यंत. आणि मग ती ओळ: तुमच्या संमतीशिवाय तुमची भूदलात किंवा नौदलात बदली होणार नाही. पन्नाशीचा कोणता गृहस्थ लढाऊ विमान घेऊन ढगात शिरणार होता? उघडच आहे, हे पोस्टर वैमानिक मागतच नव्हतं. ते सुतार मागत होतं, शिंपी मागत होतं, तांबट, जोडारी, ड्रायव्हर, कारकून मागत होतं. आणि ‘त्यांच्या’ हा शब्द बघा. कीर्ती त्यांची, तुम्ही वाटेकरी. एवढा प्रामाणिक षष्ठी विभक्तीचा प्रत्यय सरकारी कागदावर क्वचितच सापडतो.

बदलीची ओळ तर त्याहून बोलकी. हे दल जन्मलं त्याच महिन्यात, जर्मनीच्या मार्चमधल्या चढाईनं हादरलेल्या ब्रिटिश सरकारनं सक्तीच्या भरतीची वयोमर्यादा पन्नाशीपर्यंत ताणली होती. ब्रिटनमध्ये सक्ती १९१६ च्या सुरुवातीलाच आली होती. आता घरातल्या कर्त्या माणसालाही बोलावणं येणार होतं. अशा चाळिशी ओलांडलेल्या, हातात कसब असलेल्या माणसाला ही ओळ काय सांगत होती? खंदकात जायचं नसेल तर इकडे ये. तुला जायचं तर आहेच. निदान जागा तरी निवड. पोस्टरनं घरात सुखानं बसलेल्याला भुलवून बाहेर काढलं, हे आपल्या डोळ्यांसमोरचं ठरीव चित्र १९१४–१५ साठी खरं असेल. १९१८ मध्ये हे पोस्टर वाचणाऱ्यापुढे घर हा पर्याय उरलेलाच नव्हता. अमेरिकेतही तेच. चार्ल्स लिव्हिंग्स्टन बुल यांचं ते प्रसिद्ध पोस्टर ‘अमेरिकन गरुड व्हा’ म्हणतं, आणि पुढे जवळच्या सक्तीभरती मंडळात चौकशी करा असंही सांगतं. आमच्या जिन्यावर हेच चित्र होतं. गरुड शाबूत होता, मंडळ कापलं गेलं होतं. मंडळ कापलं की तो गरुड सरळ मनात शिरतो आणि सक्ती गायब होते. फसवणूक म्हणायचीच तर ही घ्या, आणि ती शंभर वर्षांपूर्वीची नाही.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलात सुमारे २ लाख ९१ हजार माणसं होती, त्यांतले अधिकारी सुमारे २७ हजार. वैमानिक बहुतेक अधिकाऱ्यांतले. पण सगळे अधिकारी वैमानिक नव्हते. म्हणजे आकाशात दिसणाऱ्या एका माणसामागे जमिनीवर दहापेक्षा जास्त. ही दहा माणसं काय करत होती, हे मला त्या गरुडापेक्षा जास्त ओढ लावणारं वाटतं. विमान म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं लिननचं कापड. कापड शिवायचं, मग त्यावर ‘डोप’ नावाचं रोगण चढवायचं, म्हणजे ते ढोलक्याच्या कातड्यासारखं ताठ होतं. वास नेलपॉलिशच्या जातीचा, डोकं धरणारा. कारखान्यांत हे रोगण लावणाऱ्या कामगारांना, त्यांत बायकाही होत्या, त्याच्या वाफेनं कावीळ होऊन मरण आल्याची प्रकरणं झाली आणि त्यातलं एक विषारी द्रावण पुढे बदलावं लागलं. पंखांमधल्या तारा रिगर, म्हणजे त्या ताणून जुळवणारा कारागीर, बोटानं छेडून बघायचा, सतार जुळवणाऱ्यासारखा. एक ढिली राहिली तर पंखाचा तोल गेला. रोटरी इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल लागायचं, तेच, आपल्या आज्या सकाळी नाक दाबून पाजायच्या ते. इंजिन गरागरा फिरताना ते जळक्या वासाचं तेल मागे वैमानिकाच्या तोंडावर उडत राही आणि व्हायचा तो परिणाम पोटावर होई. एरंडाचं गुऱ्हाळ ही म्हण आपण निष्फळ बडबडीसाठी वापरतो. तिथे एरंडावाचून शूरवीर जमिनीवरून हलत नव्हते. आणि पंखा? तो मेकॅनिकनं हातानं फिरवायचा, इंजिन पेटलं की तत्क्षणी हात आणि स्वतःला मागे घ्यायचं. उशीर झाला तर काय, हे लिहायला नको. १९१८ मध्ये स्त्रियांचं हवाई दल निघालं, त्यातल्या बायकांनी यातली कित्येक कामं केली. १९२० मध्ये ते मोडीत काढलं. यातलं काही चित्रात येत नाही. मात्र कामांची आणि पगाराची यादी मजकुरात येते, म्हणून मजकूर हवा.

विरोधी बाजूचं म्हणणं मी हलकं करणार नाही. तिचा पहिला मुद्दा वजनदार आहे: माणसं मरत होती आणि पोस्टरावर मरणाचा मागमूस नाही. एप्रिल १९१७ हा महिना ब्रिटिश वैमानिक ‘रक्ताळलेला एप्रिल’ म्हणूनच ओळखतात. त्या एका महिन्यात रॉयल फ्लाइंग कोअरची सुमारे २४५ विमानं गेली, २११ जण ठार किंवा बेपत्ता झाले, १०८ शत्रूच्या हाती सापडले. जळतं विमान कुठल्या भरतीच्या पोस्टरावर दिसत नाही. त्याहून वाईट गोष्ट पॅराशूटची. निरीक्षणाच्या फुग्यात बसणाऱ्या सैनिकांना ब्रिटिश सैन्य पॅराशूट देत होतं, विमानातल्यांना देत नव्हतं. जर्मनांनी १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना दिलं तरीही. भरतीच्या कोणत्या मसुद्यात लिहिलं होतं, की विमान पेटलं तर उडी मारायला साधन मिळणार नाही? कुठेच नाही. हे मी पूर्ण मान्य करतो.

पण मान्य करून पुढे काय? हा आरोप गाळलेल्या अटीबद्दल आहे, गरुडाबद्दल नाही. आणि गाळलेली अट शोधायची तर लिहिलेल्या अटी आधी वाचाव्या लागतात. शिवाय उडण्यात जीव जातो हे गुपित होतं असं समजणं म्हणजे त्या काळच्या तरुणांना बावळट ठरवणं. युद्धाच्या आधी विमान ही गोष्ट लोकांना माहीत झाली ती निम्मी अपघातांमुळेच. रोल्स-रॉइसमधले चार्ल्स रोल्स जुलै १९१० मध्ये बोर्नमथला हजारो प्रेक्षकांदेखत विमान कोसळून गेले. युद्धात वर्तमानपत्रं मृतांच्या याद्या छापत होती. रॉयल फ्लाइंग कोअरमधले वैमानिक, कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय यांचं उदाहरण घ्या. १९१७ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं विमान कोसळलं, ते जबर जखमी झाले, उड्डाणाला अपात्र ठरले. बरं होत असताना या मुलानं काय केलं? विमानांची चित्रं काढली. त्यांतली काही आजही आहेत. मग खटपट करून परत आला, जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत दहा विमानं पाडली आणि २२ जुलैला स्वतः पडला. वय १९. या मुलाला कुठल्या पोस्टरनं काय फसवायचं शिल्लक होतं? एका आपटीनंतर विमानात काय असतं हे चितारणाऱ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. त्याच्या मनात काय होतं त्याला मी शहाणपण म्हणणार नाही, पण अज्ञान तर ते नक्कीच नव्हतं.

दुसरा मुद्दा असा, की चित्र आधी काम करतं. अठरा वर्षांचा पोरगा रस्त्यानं जाताना चार ओळी वाचायला थांबत नाही. गरुड बघतो आणि छाती फुगते. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फक्त एवढं विचारतो, की तो पोरगा पुढे गेला कुठे? वैमानिक व्हायची वाट भिंतीवरून जात नव्हतीच. ती जात होती नावाजलेल्या शाळांतून, पलटणीतल्या बदलीच्या अर्जांतून, मुलाखतीतून. मुलाखतीत घोडेस्वारी येते का असं विचारत. लगाम हलक्या हातानं धरणारा विमानही हलक्या हातानं धरील असा समज होता. (पुन्हा घोडा. शिलेदारांचा जमाना तिकडेही संपला नव्हता.) भिंतीवरचा गरुड बघून आलेला गवंड्याचा पोरगा बहुधा हँगरमध्ये पोचत होता, तारा छेडायला.

आणि चित्र खरं असून मजकूर खोटा असंही होतं, हे दोन्ही बाजूंच्या लक्षात येत नाही. आमच्या जिन्यावरचं झेपेलिनचं पोस्टर १९१५ चं. अंधाऱ्या लंडनवर प्रकाशझोतात पकडलेलं ते लांबडं जहाज. चित्रात खोटं काही नाही; ३१ मे १९१५ च्या रात्री झेपेलिन खरोखरच लंडनवर आलं होतं. पण अक्षरं म्हणतात: घरी बॉम्बनं मरण्यापेक्षा गोळ्यांना सामोरं जाणं कितीतरी बरं, ताबडतोब सैन्यात भरती व्हा आणि हवाई हल्ला थांबवायला मदत करा. हिशेब करू. संपूर्ण युद्धात जर्मन हवाई जहाजांच्या बॉम्बनं ब्रिटनमध्ये ५५७ माणसं मेली. १ जुलै १९१६ या एका दिवशी फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत ब्रिटिश सैन्याची १९,२४० माणसं मेली. कुठे बरं होतं? आणि बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या चिखलात उभा असलेला बंदूकधारी लंडनवरचं झेपेलिन थांबवणार कसं? ते थांबलं वैमानिकांमुळे, स्फोटक आणि पेट घेणाऱ्या नव्या गोळ्यांमुळे. ब्रिटनच्या भूमीवर पहिलं जर्मन हवाई जहाज पाडलं ते लीफ रॉबिन्सन यांनी, सप्टेंबर १९१६ मध्ये. सभेत या चित्राविषयी एक पालक म्हणाले, “बघा, किती भीतिदायक.” भीती खरी होती हो. खोटा होता तो तर्क, आणि तो शब्दांत होता. त्यातला ‘भरती व्हा’ हा अर्धा भाग कापून टाकल्यावर उरतो तो नुसता एक नाट्यमय देखावा.

तिसरा मुद्दा आपल्याला सगळ्यात जवळचा. ज्या साम्राज्यानं आपल्याकडून लाखो शिपाई नेले, त्याची पोस्टरं आपल्या शाळेत का? भारतातही तेव्हा भरतीची पोस्टरं लागली होती. एकात गणवेश, बंदूक आणि पैसे मांडून विचारलं होतं, हे कोण घेणार? जो लगेच भरती होईल तो. पोटाशीच बोलणं, आडपडदा नाही. पण अधिकारी होण्याचा दरवाजा? ब्रिटिश सैन्यात अधिकारपदासाठी शुद्ध युरोपीय वंशाची अट होती. रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डला शिकत होते. त्यांना रॉयल फ्लाइंग कोअरनं घेतलं नाही, म्हणून ते फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवायला गेले. फ्रेंच हवाई दल घ्यायला तयार झालं, तेव्हा त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकांनी ब्रिटिश जनरलला खरमरीत पत्र लिहिलं आणि एप्रिल १९१७ मध्ये दार उघडलं. पगडीवर बसेल असं मोठं चामडी शिरस्त्राण घालून हा माणूस कॅमल विमान उडवत होता. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर केंब्रिजहून त्याच दलात गेले. जून १९१८ च्या अखेरीस जखमी होऊन शत्रूच्या हद्दीत वारले, कबर फ्रान्समध्येच आहे. शाळेच्या त्या जिन्यावर त्यांचं नाव नव्हतं, हे मला त्या गरुडापेक्षा जास्त खटकलं. अमेरिकेतही हेच. जॉर्जियात जन्मलेला युजीन बुलर्ड हा कृष्णवर्णी वैमानिक १९१७ मध्ये फ्रान्सकडून लढला. त्याच्या स्वतःच्या देशाच्या हवाई दलानं त्याला घेतलं नाही. ‘अमेरिकन गरुड व्हा’ यातला ‘अमेरिकन’ कोण, ही अट पोस्टरच्या तळाशीसुद्धा छापलेली नव्हती.

मग काढून टाकायची का? उलट आहे. साम्राज्याविरुद्धचा हा सगळा खटला कोणत्या पुराव्यावर उभा राहतो? त्याच कागदांवर. ते वाचायचं कसं, हे लोकमान्यांनी १९१८ मध्येच दाखवलं होतं. गांधीजी तेव्हा खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट करत होते. टिळकांनी त्यांच्याकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठवला: हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदं मिळतील असं वचन तुम्ही सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, नाही दिली तर ही रक्कम दंड. गांधीजींनी तो परत केला. मदत द्यायची तर सौदा नको, असं त्यांचं मत. त्याच साली जूनमध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळक राजकीय हक्कांवर बोलू लागले तशी गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना अडवलं आणि ते उठून बाहेर पडले. दोघांत थोर कोण हा वाद इथे नको. पण भरतीची हाक ऐकून एकानं मनाकडे पाहिलं आणि दुसऱ्यानं तळाच्या ओळीकडे बोट ठेवलं: पद काय देणार? मला विचाराल तर पोस्टर नीट वाचलं ते टिळकांनी.

राहिली ‘चित्रं सुंदर आहेत’ म्हणणारी मंडळी. आहेतच. बुल हे प्राणी-पक्ष्यांचे चित्रकार, तरुणपणी पेंढा भरून प्राणी जतन करण्याचं काम केलेले. पंखाखालचं हाड कुठे वळतं हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं, म्हणून त्यांचा पांढऱ्या डोक्याचा अमेरिकन गरुड जर्मनीच्या काळ्या गरुडावर असा तुटून पडतो. पण हे काम कुणी कशासाठी करून घेतलं? अमेरिकेनं एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उडी घेतली तेव्हा तिच्या लष्कराच्या हवाई विभागात १३१ अधिकारी आणि अकराशेच्या आसपास सैनिक होते. जुलैत तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, एका फटक्यात ६४ कोटी डॉलर मंजूर केले. पैसा होता, माणसं नव्हती, विमानं तर त्याहून नव्हती. आघाडीवरचे अमेरिकन वैमानिक बहुतांशी फ्रेंच आणि ब्रिटिश विमानांत लढले. गरुड अमेरिकन, पंख उसने. म्हणून सरकारनं चार्ल्स डेना गिब्सन यांच्या हाताखाली चित्रकारांचा विभागच उभा केला आणि त्यातून पोस्टरांचा पाऊस पडला. या घाईतून जन्मलेल्या चित्राला ‘शुद्ध कला’ म्हणून दिवाणखान्यात लावणं म्हणजे पोवाड्याची चाल गुणगुणायची आणि शब्द सोडून द्यायचे. चाल छानच असते.

आणि देशप्रेमाचं म्हणाल, तर आपल्या स्वतःच्या हवाई दलाची सुरुवात बघा. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कागदावर आलं, १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळ ड्रिग रोडला पहिली तुकडी उभी राहिली: चार वापिती विमानं, सहा अधिकारी आणि १९ ‘हवाई शिपाई’. हवाई शिपाई म्हणजे जमिनीवर राहून विमान राखणारे. सहामागे एकोणीस. ते चित्रात काढायचे म्हटले तर चित्रकार कसा काढील कोण जाणे. हातात पाना, गुडघ्यावर तेल, पाठ आपल्याकडे. मुलांना हे दाखवायचं की फक्त झेप दाखवायची? विज्ञान प्रदर्शन होतं ना ते?

आजही भरतीवरचा वाद आपण याच दोन सुरांत घालतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा दूरचित्रवाणीवर आठवडाभर एकीकडे ‘राष्ट्रसेवा’ आणि दुसरीकडे ‘पोरांची फसवणूक’ चाललं होतं. चार वर्षं, मग शंभरातले पंचवीस कायम, बाकीच्यांना एकरकमी निधी आणि निवृत्तिवेतन नाही. या ओळींवर शांतपणे बोलणारे थोडे. अपवाद ज्यांना भरती व्हायचं होतं त्यांचा. त्यांना या ओळी पाठ होत्या, त्यासाठी त्यांना कुणाच्या उपदेशाची गरज नव्हती. त्याच वर्षी हवाई दलाकडे साडेसात लाखांच्या आसपास अर्ज आले. ते सगळे चित्राला भुलले असं म्हणणाऱ्यानं एकदा पहाटे पाचला आमच्या सातारा भागातल्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर उभं राहावं.

मी गेल्या महिन्यात गेलो होतो, भाच्याला भेटायला. तो ज्या भरती अकादमीत राहतो ती म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, बाहेर धावायला मोकळं रान, आत सोळा लोखंडी कॉट आणि दोरीवर वाळत टाकलेल्या बनियनी. दाराशेजारी भिंतीवर भरतीच्या जाहिरातीचं कात्रण चिकटवलं होतं. वय, उंची, छाती, फुगवल्यावर किती, शेवटची तारीख. लाल पेनानं खाली रेघा, एका ठिकाणी दोनदा. कात्रण वरून वेडंवाकडं कापलेलं दिसलं. मी विचारलं, वरचं काय झालं? भाचा कॉटवर बसून बुटाची नाडी बांधत होता. म्हणाला, “वर विमानाचा फोटो होता मामा. जागा अडत होती.”